ऑपरेशन झाले, पुढे काय?

पोटाच्या ऑपरेशनचा विषय निघाला की गावात कुणाचे तरी नाव निघतेच. "अमक्याला तालुक्याला नेला, पोट फाडलं, आणि तेव्हापासून गडी काही सावरला नाही." मी डॉक्टर नव्हे, कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, म्हणून फांदी कावळ्याने मोडली असे ठरत नाही, हे दरवर्षी मुलांना समजावतो. तरी वडिलांच्या वेळी मीच ती चूक केली.

त्यांना जांघेत अंतर्गळ होता, म्हणजे दवाखान्याच्या भाषेत हर्निया. पोटाची भिंत एका जागी सैल पडते, आणि खोकताना किंवा पोते उचलताना आतडे तिथून बाहेर डोकावते. आडवे झाले की आत जाते. वीस वर्षे त्यांनी लंगोट आवळून काढली. "सुगी होऊ दे, मग बघू." अशाच एका सुगीत कडबा रचताना फुगा बाहेर आला, तो परत जाईना. दगडासारखा घट्ट झाला, वांत्या सुरू झाल्या. आम्ही रात्रभर शेक दिला आणि सकाळी जीपने नेले. तोवर अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटून वीतभर आतडे काळे पडले होते. ते कापून टोके जोडावी लागली. पुढे जखमेत पू झाला, अशक्तपणा वर्षभर राहिला.

मी मनातून सर्जनला दोष देत होतो. एकदा धीर करून विचारलेच. ते शांतपणे म्हणाले, "रात्रीच आला असता तर कदाचित आतडं वाचलं असतं. आणि मागच्या वीस वर्षांत कधीही आला असता, तर दोन-तीन दिवसांत घरी पाठवलं असतं."

ठरवून केलेले हर्नियाचे ऑपरेशन आणि आतडे अडकल्यावर धावपळीत केलेले ऑपरेशन, ही नावाने एक, जोखमीने अगदी निराळी. ठरवून केलेल्यात सैल जागी बहुधा जाळी बसवतात. त्यातही सूज येते, रक्त साकळते, एखाद्याची लघवी अडते. काहींना महिनोन् महिने दुखत राहते, काहींचा हर्निया पुन्हा उद्भवतो. पण कुजलेल्या आतड्यातले जंतू जखमेत शिरले, की मामला जिवावर येतो.

अपेंडिक्सचेही असेच. दुखणे बेंबीपाशी सुरू होते आणि काही तासांनी उजव्या बाजूला खाली सरकते. मळमळ, बारीक ताप येतो. अशा वेळी बेंबी सरकली म्हणून पोट चोळणे किंवा एरंडेल पाजणे घातक. अपेंडिक्स फुटले तर पोटभर पू पसरतो.

आपल्या पुण्यातलीच गोष्ट पाहा. महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात होते. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांचे अपेंडिक्स काढले. वादळाने मध्येच वीज गेली, हातातली बॅटरीही विझली. शेवटचे काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. ऑपरेशन यशस्वी झाले. तरी जखमेपाशी गळू झाले आणि प्रकृती सावकाश सुधारली. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना मुक्त केले. पेनिसिलिनचा शोध लागायचा होता, तो १९२८ साली लागला. आता जंतुनाशक औषधे आहेत, दुर्बिणीने ऑपरेशन होते. पण जखम चिघळण्याचे भय कमी झाले आहे, संपलेले नाही.

ऑपरेशनआधी नर्सबाई पुन्हा पुन्हा नाव विचारतात, कोणती बाजू ते विचारतात, आणि नातेवाईक वैतागतात. वैतागू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली अशा प्रश्नांची एक यादीच केली. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा हजारी १५ मृत्यू होत होते ते ८ वर आले, आणि इतर बिघाड शंभरी ११ वरून ७ वर. औषध नवे नाही, यंत्र नवे नाही, नुसते विचारणे! उपाशी राहायला सांगतात तेही उगाच नव्हे. चोरून दिलेला चहा-बिस्किटाचा घास भुलेत उलटून फुप्फुसात जाऊ शकतो. तंबाखू आणि बिडी महिनाभर आधी सोडली, तर छाती आणि जखम दोन्ही साथ देतात.

आणि नंतर? आपल्याकडे रोग्याला हलू देत नाहीत. "पडून राहा, टाके तुटतील." खरे तर डॉक्टरांनी सांगितल्याबरोबर उठून चार पावले टाकावीत. पडून राहिल्याने पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, ती फुप्फुसात गेली तर माणूस दगावतो. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. म्हणून पोटावर उशी धरून खोकावे, खोल श्वास घ्यावा. भाताने पू होतो हा समज मात्र सोडा. जखम भरायला अन्नच लागते. हळद, राख यांपैकी काही जखमेवर नको.

जखम बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास बिघडते, म्हणजे माणूस घरी आल्यावर. ताप, जखमेभोवती वाढती लाली, पाणी किंवा पू, थांबत नाही अशी वांती, पोट फुगणे, एका पायाला सूज, धाप, यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

घरी सोडताना एक कागद देतात. तो बहुधा इंग्रजीत असतो आणि देवाच्या तसबिरीमागे जातो. शिक्षक बंधुभगिनींनो, गावात कुणी ऑपरेशन होऊन आले तर तो कागद त्याला मराठीत वाचून दाखवा: टाके कोणत्या तारखेला, गोळ्या किती दिवस, हंडा-कळशी कधीपासून उचलायची. आमच्या वडिलांचा कागद मी सवडीने वाचला, तेव्हा टाके काढायची तारीख उलटून चार दिवस झाले होते.