ग्रंथपालाला विचारायच्या प्रश्नाचा फॉर्म

ग्रंथपालाला ऑनलाइन प्रश्न विचारण्याच्या साध्यात साध्या फॉर्ममध्ये तीन रकाने असतात : नाव, ईमेल आणि प्रश्न. पहिले दोन वाचक बिनचूक भरतो. अडते ते तिसऱ्यापाशी. तेलंगणातल्या निर्मल जिल्ह्यातून एखाद्या मराठी कुटुंबाने ‘मुधोळच्या जमिनीचे जुने कागद कुठे मिळतील?’ असे विचारले, तर पुण्या-मुंबईच्या ग्रंथपालाला आधी आठवेल ते कर्नाटकातले, घोरपड्यांच्या संस्थानाचे मुधोळ. निर्मल जिल्ह्यातले मुधोळ वेगळे, भैंसा आणि बासर यांच्या मधले. निजामाच्या राज्यात ते नांदेड जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते आदिलाबादला जोडले गेले आणि त्याच वेळी आदिलाबादचे किनवट व राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. २०१६ मध्ये निर्मल जिल्हा वेगळा झाला, तेव्हा मुधोळ त्यात गेले. म्हणजे साल बदलले की जिल्हा बदलतो, दप्तर बदलते आणि निजामकाळात मागे गेले तर कागदाची भाषाही उर्दू होते. एका ओळीच्या प्रश्नात यातले काहीच उमटत नाही.

समोरासमोर ही उकल बोलण्यातून होते. मुधोळ कोणते, साल कोणते, कागद वारसाहक्कासाठी हवेत की घराण्याचा इतिहास लिहायला, एवढे विचारले की ग्रंथपालाला दिशा सापडते. ग्रंथालयशास्त्रात या संवादाला संदर्भ-मुलाखत म्हणतात. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मधल्या एका निबंधात माहितीच्या गरजेचे चार टप्पे मांडले. आधी ती नुसती अस्पष्ट टोचणी असते. मग मनात तिला आकार येतो. मग ती शब्दांत मांडता येते. आणि शेवटी, ग्रंथालय काय देऊ शकेल याचा अंदाज बांधून वाचक ती वाकवून विचारतो. ग्रंथपालापर्यंत पोहोचतो तो हा चौथा प्रश्न. जमिनीचे कागद हवे असलेला माणूस म्हणूनच ‘आदिलाबादच्या इतिहासावर पुस्तक आहे का?’ असे विचारतो.

फॉर्ममध्ये समोर माणूस नसतो. प्रत्येक उलटप्रश्नाला एक ईमेल आणि कधी एक-दोन दिवस खर्ची पडतात. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या पाच नियमांतला चौथा, वाचकाचा वेळ वाचवण्याचा नियम, इथे थेट लागू पडतो. जे उलटप्रश्न हमखास येणार, ते फॉर्मनेच आधी विचारायला हवेत. मिशिगन विद्यापीठात १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘इंटरनेट पब्लिक लायब्ररी’ने हे लवकर ओळखले होते. उत्तर कधीपर्यंत हवे, कशासाठी हवे आणि आधी कुठे शोधून झाले, हे तिचा फॉर्म प्रश्नासोबतच विचारत असे.

यातला ‘कशासाठी’ हा रकाना सर्वांत मोलाचा आणि सर्वांत नाजूकही. ‘निर्मलच्या खेळण्यांची माहिती हवी’ असे शाळकरी मुलाने लिहिले तर पोनिकी नावाच्या हलक्या लाकडापासून ती कशी घडवतात, हे सांगणारे दोन परिच्छेद पुरतात. कलेच्या अभ्यासकाला नक्काश कारागिरांच्या परंपरेवरचे लेखन हवे असते, तर व्यापाऱ्याला भौगोलिक मानांकनाचे नियम. प्रश्नाचे शब्द तेच, उत्तरे तीन. पण हाच रकाना चौकशीसारखाही वाटू शकतो. म्हणून तो ऐच्छिक ठेवावा आणि त्याखाली कारण लिहावे : ‘उपयोग कळला तर नेमके उत्तर देता येईल.’ ‘आधी कुठे पाहिले?’ या रकान्याखालीही असाच खुलासा हवा, नाहीतर काहीच न शोधलेल्या वाचकाला तो टोमणा वाटेल.

सीमाभागासाठी आणखी तीन गोष्टी लागतात. गावाच्या रकान्यात तालुका आणि जिल्हा स्वतंत्र असावेत, शेजारी अंदाजे कालखंड. कोणत्या भाषांतले साहित्य वाचता येईल, हेही विचारावे : मराठी, तेलुगू, उर्दू, हिंदी, इंग्रजी. एकापेक्षा जास्त निवडण्याची सोय नसेल तर हा रकाना निरुपयोगी ठरतो, कारण या भागात दोन-तीन भाषा येणे नेहमीचे आहे. उत्तरावरून प्रश्न कुठे पाठवायचा तेही ठरते. उर्दू वाचणाऱ्याला १८९१ मध्ये आसफिया म्हणून सुरू झालेल्या हैदराबादच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा उपयोग होईल. मूळ महसुली कागदांसाठी मात्र अभिलेखागाराची वाट दाखवावी लागते.

हे सारे मोबाइलच्या पडद्यावर मावले पाहिजे. प्रश्नाची चौकट मोठी हवी, कारण चौकट लहान दिसली की लोक लहान लिहितात. ती सर्वांत वर असावी, नाव-पत्ता शेवटी. देवनागरी युनिकोड बिनतक्रार स्वीकारला जावा आणि जुन्या कागदाचा फोटो जोडता यावा. अनिवार्य रकाने दोनच पुरतात : प्रश्न आणि उत्तर पाठवण्याचा पत्ता, मग तो ईमेल असो वा फोन नंबर. जन्मतारीख किंवा आधार क्रमांक मागण्याचे काही कारण नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे. ग्रंथालयाचे बरेच प्रश्नकर्ते विद्यार्थीच असतात.

‘पाठवा’ दाबल्यावर प्रश्नाची प्रत, क्रमांक आणि उत्तराची अंदाजे तारीख वाचकाला लगेच मिळावी. फॉर्म पुढे सुधारायचा तर ग्रंथपालांनी पाठवलेले उलटप्रश्न दर काही महिन्यांनी वाचावेत : जो पुन्हा पुन्हा विचारावा लागला त्याचा रकाना करावा आणि ज्या रकान्याचा कुणालाच उपयोग झाला नाही तो काढून टाकावा.