बातम्यांची खतावणी

'पेपरवाले आमच्या धंद्याची दखल घेत नाहीत. आमच्या वस्तीचे नाव छापतात ते गुन्ह्याच्या बातमीतच.' मीरा रोडच्या नयानगरातील दुकानदार असो की भाईंदर पूर्वेच्या गाळ्यात स्टीलची भांडी घडवणारा कारागीर, ही तक्रार कोणाच्याही तोंडी येऊ शकते. ती खरी असेलही. पण संपादकापुढे ठेवायला आकडा हवा.

हा आकडा काढण्याच्या पद्धतीला संवादशास्त्रात 'संख्यात्मक आशय विश्लेषण' म्हणतात. अमेरिकन अभ्यासक बर्नार्ड बेरेलसन यांनी १९५२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. जे छापले आहे तेच मोजावे आणि ठरलेल्या नियमाने मोजावे, हे त्याचे सूत्र.

व्यापाऱ्याला हे काम नवे नाही. रोजमेळातील नोंदी आपण खतावणीत उतरवतो, तसेच हे. शहराची प्रत्येक बातमी ही एक नोंद. खाती आधीच ठरवावीत : व्यापार-उद्योग, नागरी सोयी, गुन्हे, राजकारण, इतर. एक बातमी एकाच खात्यात जावी. पान कितवे, जागा किती, हेही लिहावे. अंक निवडताना आठवड्याचा प्रत्येक वार सारख्याच वेळा यावा. राग आणणारे अंक तेवढे निवडणे म्हणजे मापात पाप!

मग ताळा. दोघांनी एकमेकांना न विचारता त्याच बातम्या नोंदवाव्यात. ५० पैकी ४५ जुळल्या तर जुळणी ९० टक्के. फारच कमी जुळल्या तर खात्यांच्या व्याख्या सुधाराव्यात.

नुसत्या मोजणीचीही ताकद महाराष्ट्राने पाहिली आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचे गुणगान करणारी वृत्तपत्रांची ४७ पूर्ण पाने मोजली. काही मजकूर निरनिराळ्या दैनिकांत शब्दशः एकच होता. चव्हाणांच्या निवडणूक खर्चात वृत्तपत्रांतील जाहिरातींसाठी दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये. 'पेड न्यूज'चा प्रश्न देशभर गाजला.

मात्र पैसे दिल्याचा आरोप चव्हाणांनी नाकारला आणि निवडणूक आयोगाचा त्यांच्याविरुद्धचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केला. काय छापले हे मोजणी सांगते. का छापले, कोणी छापून घेतले, हे ती सांगत नाही.

म्हणून व्यापारी बांधवांनी संपादकाकडे जाताना आरोप नव्हे, तक्ता न्यावा. आकडा आपल्याविरुद्ध निघाला तरी तो लपवू नये. खरे माप दाखवणाऱ्याचेच पुढचे बोलणे ऐकले जाते.