जबड्याच्या हाडातील संसर्ग : शस्त्रक्रियापूर्व प्रतिमांकनाचे पर्याय

प्रस्तावना :
दाताच्या मुळाशी साचलेला जंतुसंसर्ग हाडाच्या मगजात पसरला म्हणजे त्यास अस्थिमज्जाशोथ किंवा ऑस्टिओमायलायटिस असे म्हणतात. खालच्या जबड्याचे हाड अधिक घट्ट असून त्याचा रक्तपुरवठा तुलनेने मर्यादित असतो. त्यामुळे हा विकार तेथे अधिक आढळतो. केवळ औषधांनी तो आटोक्यात न आल्यास मृत अस्थिभाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो. त्याची सीमा ठरविणे हे प्रतिमांकनाचे मुख्य प्रयोजन होय.

क्ष-किरणचित्राची मर्यादा :
हाडातील सुमारे ३० ते ५० टक्के खनिजांश नष्ट झाल्याखेरीज साध्या क्ष-किरणचित्रात बदल स्पष्ट दिसत नाही. म्हणून चित्र निर्दोष असणे हा हाड निरोगी असल्याचा पुरावा ठरत नाही.

पर्यायी पद्धती :
१) कोन बीम सीटी : मृत अस्थिखंड, हाडाच्या कवचाची झीज आणि खालच्या ओठास संवेदना पुरविणाऱ्या मज्जातंतूची नलिका यांचे त्रिमितीय स्थान कळते.
२) एमआरआय : मगजातील सूज आरंभीच दिसते; मात्र तोंडातील धातूमुळे प्रतिमा बिघडू शकते.
३) अस्थिस्कॅन : टेक्नेशियम-९९ एम हे किरणोत्सारी द्रव्य हाडातील वाढलेली चयापचय-क्रिया दाखविते, परंतु नुकत्याच काढलेल्या दाताची जागाही तशीच उजळते.
४) ध्वनिलहरी : जबड्यातील कथित पोकळ्या शोधण्यासाठी अशी यंत्रे पुढे आली. ती घनतेतील फरक सुचवितात. कमी घनता म्हणजे संसर्ग नव्हे. तेवढ्यावरून दात किंवा हाड काढणे रुग्णास अपायकारक ठरू शकते.

शस्त्रक्रियेची पूर्वतयारी :
रक्तशर्करा, रक्त पातळ करणारी औषधे आणि अस्थिक्षयावरील बिस्फॉस्फोनेट औषधे यांची नोंद आवश्यक असते. कॉन्ट्रास्ट द्रव्य देण्यापूर्वी मूत्रपिंडाचे कार्य विचारात घेतले जाते. शक्य तेथे प्रतिजैविकांपूर्वी नमुना घेतल्यास जंतूंची ओळख सुकर होते.

२०२१ मध्ये कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसच्या अनेक रुग्णांच्या वरच्या जबड्याचा भाग काढावा लागला. बुरशी सायनस, नेत्रखोबण व मेंदूकडे किती पसरली, हे एमआरआय व सीटीने कळे. निदान मात्र ऊतीच्या तपासणीनेच पक्के होई.

समारोप :
प्रतिमा रोगाची जागा व व्याप्ती सुचविते, रोगाचे स्वरूप ऊतीची तपासणी सांगते. रुग्णाची लक्षणे, प्रतिमा आणि ऊतीपरीक्षा यांचा मेळ बसल्यावरच हाड काढण्याचा निर्णय घेणे शास्त्रसंमत ठरते.