ट्रकच्या डावीकडून गाडी काढू नका!

घुग्घुस परिसरातले कोळशाचे ट्रक आणि सुरजागडहून आलापल्ली-आष्टीमार्गे येणारे लोहखनिजाचे ट्रक. चंद्रपूर-गडचिरोलीच्या दुचाकीस्वाराला ही रांग रोजचीच. ती मंदावली की तो फट शोधून गाडी पुढे काढतो.

सर्वांत घातक फट ट्रकच्या डावीकडची. आपल्याकडे चालक उजवीकडे, उंच केबिनमध्ये बसतो. डाव्या दारालगतची दुचाकी त्याला सहसा दिसतच नाही. ट्रक डावीकडे वळला, तर मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात आणि दुचाकीला जागाच उरत नाही. पावसाळ्यात खनिजाचा लाल चिखल असेल, तर ब्रेक दाबताच गाडी घसरते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने वाहनांच्या रांगांमधून असं दुचाकी काढण्याला २०१६ मध्ये कायद्याने मान्यता दिली. तिथल्याच बर्कली विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात सुमारे ६,००० अपघातग्रस्त दुचाकीस्वारांची माहिती तपासली गेली. आजूबाजूच्या वाहनांपेक्षा ताशी २४ किलोमीटरहून अधिक वेगाने पुढे जाणाऱ्यांना इजेचा धोका वाढलेला दिसला. पण तिथल्या रुंद, आखीव लेन आलापल्लीच्या जंगलरस्त्यावर कुठून आणायच्या?

म्हणून इथे मागेच थांबा. चालकाचा चेहरा त्याच्या आरशात दिसेल, एवढं अंतर ठेवा. आयएसआय हेल्मेटचा पट्टा लावा. मागे बसणाऱ्यालाही लावायला सांगा.