दुधाची दाढ किडली तर भरायची कशाला?

“दुधाचीच दाढ आहे, पडेल आपोआप,” असं म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलाची कीड घरोघरी तशीच सोडून दिली जाते. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरं. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्यांच्यावरचं एनॅमल पातळ, त्यामुळे कीड आतल्या नसेपर्यंत लवकर पोचते. मुळाशी पू झाला, तर खाली घडत असलेल्या पक्क्या दातालाही इजा होऊ शकते.

मग काढूनच टाकली तर? दुधाची दाढ म्हणजे एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल. तो उचलला की शेजारचे सरकून बसतात. मागची दाढ पुढे कलते, खालून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही आणि तो वाकडा येतो किंवा हिरडीतच अडकतो. म्हणून दाढ वेळेआधी काढावीच लागली, तर डॉक्टर बहुधा तिथे जागा राखणारा तारेचा छोटा स्पेस मेंटेनर बसवतात.

आणखी एक. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्या दुधाच्या दाढांमागे, काहीही न पडता, नवी दाढ उगवते. ती पक्की असते, पण कित्येक आईवडील तिलाही दुधाचीच समजतात. तिच्या खोल खाचांत बिस्किटाचा लगदा रुतून बसतो. रात्री तिथपर्यंत ब्रश तुम्ही स्वतः पोचवा.