एक्झॉस्टचा पाइप किती इंची हवा?

गाडीची ताकद वाढवायची म्हटली की पहिला खर्च बहुतेकदा एक्झॉस्टवर होतो. आणि त्याबद्दल एकाच गॅरेजात दोन उलटसुलट मतं ऐकू येतात. एक म्हणजे पाइप जितका जाड तितकी ताकद जास्त. दुसरं म्हणजे इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच. दोन्ही चूक आहेत, पण दुसरं जास्त चिवट आहे, कारण त्याच्या बाजूने अनुभवाचा दाखला देता येतो.

अनुभव खराच असतो. फार जाड पाइप बसवला की खालच्या आरपीएमला पिकअप मरतो. चुकतो तो निष्कर्ष. बॅक प्रेशर म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूला होणारा अडथळा. त्याच्याविरुद्ध जोर लावायला पिस्टनला जी मेहनत पडते, ती इंजिनाच्याच ताकदीतून वजा होते. इंजिनाला हवा असतो तो वायूचा वेग. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की जळक्या वायूचा लोट नळीतून धावत सुटतो आणि त्याच्या मागे दाब कमी होतो. इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदमच उघडे असतात. त्या क्षणी हा कमी दाब सिलिंडरमधला उरलासुरला वायू ओढून काढतो आणि नव्या मिश्रणाला आत यायला मदत करतो. यालाच स्कॅव्हेंजिंग म्हणतात. नळी वाजवीपेक्षा जाड झाली की वेग पडतो, ओढ सैल होते आणि पिकअप जातो. हा परिणाम इंजिनाला लागून असलेल्या हेडरच्या नळ्यांत सर्वात जास्त. मागे जावं तसा कमी.

या समजाला जुन्या काळानेही खतपाणी घातलं. कार्ब्युरेटरच्या गाडीला मोकळा पाइप लावून जेट तेच ठेवलं, की मिश्रण लीन व्हायचं, ताकद घटायची आणि खापर पाइपवर फुटायचं. शिवाय आरएक्स 100 या टू-स्ट्रोक बाइकवाल्यांचा दाखला असतोच. पण टू-स्ट्रोकमध्ये पाइपातून परतणारी दाबलहर बाहेर निसटणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये लोटते. तिथला नियम फोर-स्ट्रोक कारला लावण्यात अर्थ नाही.

मग माप कसं ठरवायचं? ताकदीवरून. ट्यूनर मंडळींचा आडाखा असा: एका बीएचपीमागे मिनिटाला सुमारे 2.2 घनफूट प्रवाह धरायचा आणि सरळ पाइपच्या दर चौरस इंचातून 115 घनफूट. म्हणजे चौरस इंचाला साधारण 52 बीएचपी. जुनी होंडा सिटी 1.5 व्हीटेक 106 बीएचपीची. तिला 2 चौरस इंचांहून किंचित जास्त जागा पुरते. 2 इंची पाइप आतून सुमारे 1.87 इंच भरतो, म्हणजे पावणेतीन चौरस इंच. तो तिला पुरून उरतो. त्याच गाडीखाली 3 इंची पाइप लावणं म्हणजे 330 बीएचपीची सोय करून ठेवणं! व्यास दीडपट झाला की क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं, हे इंच मोजताना विसरलं जातं.

वाकवलेल्या जागी पाइप चेपला असेल, तर मापाचा सगळा हिशेब तिथेच फसतो. म्हणून मँड्रेल बेंडचे, म्हणजे न चेपता वाकवलेल्या पाइपचे, जास्तीचे पैसे द्यावेत.

टर्बोचं गणित वेगळं. टर्बाइनच्या पुढे दाब जितका कमी, तितकं तिला फिरायला सोपं. म्हणून टर्बो गाडीच्या डाउनपाइपला एक माप मोठं घेणं फायद्याचं. टर्बोच्या अलीकडच्या मॅनिफोल्डला मात्र नाही. तिथे वेग आणि उष्णता राखायची असते.

आणि आवाज? आवाज म्हणजे ताकद नव्हे. जाळीदार सरळ नळीभोवती ग्लास वूल भरलेला सायलेन्सर आवाज बराच शोषतो आणि प्रवाहाला फारसा अडवत नाही. सायलेन्सरच काढून टाकला तर शेजारी जागे होतात, बीएचपी क्वचितच. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उडवला, तर बीएस-6 गाडीत चेक इंजिनचा दिवा लागू शकतो.

खर्च करण्याआधी गाडी डायनोवर चढवा आणि खरा बीएचपी मोजून घ्या. रस्त्यावरच्या गाडीत आवाज किंवा प्रदूषणाची मर्यादा ओलांडली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.