‘अ ते ह’ म्हटलं की ‘ॲ’ बाहेर!

सर्चच्या पॅटर्नमध्ये चौकटी कंसात ‘ए ते झेड’ लिहिलं की सगळी अक्षरं आली, असा आपला भाबडा समज. रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे लाडक्या ‘रेजेक्स’ला, बहुतेक ठिकाणी वर्णमाला कळतच नाही, कळतो तो फक्त अक्षराचा कोड नंबर. मग होणाऱ्या या गमती बघा.

फुकटे सहा. कॅपिटल झेड 90 वर, स्मॉल ए थेट 97 वर. आळसाने ‘कॅपिटल ए ते स्मॉल झेड’ अशी एकच रेंज दिली, की मधले सहा जण आत शिरतात: दोन चौकटी कंस, बॅकस्लॅश, कॅरेट, अंडरस्कोअर आणि बॅकटिक.

फ्रेंचांची पंचाईत. फ्रेंच ‘कॅफे’तला शेवटचा, डोक्यावर तिरकी रेघ असलेला ई 233 वर. स्मॉल झेड 122 लाच संपतो, त्यामुळे हाती लागतं नुसतं ‘कॅफ’. बरं, ॲक्सेंटवाल्यांसाठी 192 ते 255 जोडावेत, तर 215 वर × आणि 247 वर ÷ दबा धरून बसलेले! शिवाय फ्रेंच ‘बहीण’ आणि ‘हृदय’ या शब्दांतलं ओ-ई जोडाक्षर 339 वर, म्हणजे तरीही बाहेरच.

दिसायला एक, मोजायला दोन. तोच रेघवाला ई साधा ई (101) आणि सुटा ॲक्सेंट (769) असा दोन तुकड्यांतही साठवता येतो. डोळ्यांना फरक शून्य, पण नॉर्मलायझेशन, म्हणजे दोन्ही तऱ्हांना एकाच रूपात आणणं, केलं नाही तर सर्चला दोघांची ओळख पटत नाही.

रशियन ‘यो’ वाऱ्यावर. स्मॉल रशियन अक्षरांची रेंज 1072 ते 1103. दोन टिंबांचा ‘यो’ मात्र 1105 वर, त्यामुळे नेहमीच्या रेंजमधून हमखास निसटतो.

एस्टोनियाचा झेड. तिथल्या वर्णमालेत झेड येतो एसनंतर, टीच्या आधी. स्थानिक क्रमाने रेंज लावणाऱ्या प्रणालीत ‘ए ते झेड’ म्हटलं, की टी, यू आणि व्ही गायब!

पायथॉनचे चार पाहुणे. लहान-मोठं अक्षर सारखंच धरा, असं पायथॉनला सांगितलं की ‘ए ते झेड’मध्ये आणखी चौघे येतात: तुर्कीचे दोन ‘आय’, जुना लांब एस आणि तापमानाचं केल्विन चिन्ह.

आता घरचं बघू. ‘अ’ 2309 वर, ‘ह’ 2361 वर. ‘ॲ’ला जागा मिळाली 2418 वर, तीही 2008 साली. म्हणजे [अ-ह] लिहिलं की ‘ॲसिड’चं पहिलंच अक्षर कटाप. ‘ळ’ मात्र आपण ‘ह’नंतर म्हणत असलो, तरी कोडमध्ये ‘ल’ला खेटून, त्यामुळे सुखरूप. काना-मात्रा तर या रेंजमध्ये नाहीतच. पायथॉनच्या नेहमीच्या रेजेक्समधल्या ‘शब्दातलं अक्षर’ या खुणेलाही त्या चालत नाहीत. ‘मराठी’चे तुकडे पडतात ‘मर’ आणि ‘ठ’! त्यात जुन्या मजकुरात ‘ॲ’ हा ‘अ’वर चंद्र देऊनही टाइप केलेला असतो, आणि नॉर्मलायझेशनही या दोघांना एक करत नाही.

तेव्हा रेंजच्या भरवशावर राहू नका. सोय असेल तिथे युनिकोडचे ‘अक्षर’ आणि ‘जोडचिन्ह’ हे दोन वर्ग मागा, मजकूर आधी नॉर्मलाइझ करा, दोन्ही तऱ्हांचे ‘ॲ’ स्वतः एक करून घ्या. आणि सर्च चालतंय असं जाहीर करण्याआधी ‘ॲसिड’, ‘बाळ’ आणि ‘मराठी’ हे तीन शब्द त्यात टाकून बघाच.